क्रशर निवडताना आधी मिलिमीटर, मग टन

नवा माणूस क्रशरची, म्हणजे दगड फोडून खडी करणाऱ्या यंत्राची, चौकशी करायला लागला की पहिला प्रश्न येतो तो "ताशी किती टन?" हाच. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. ४०० × ६०० मिमी तोंडाच्या जॉ क्रशरचं, म्हणजे दोन जबड्यांत दगड चिरडणाऱ्या यंत्राचं, माहितीपत्रक उघडून बघा. क्षमता ताशी साधारण १५ ते ६० टन अशी लिहिलेली असते. यंत्र एकच, मोटर तीच, आणि आकड्यात चौपट फरक! उत्तर शेजारच्याच रकान्यात असतं: माल बाहेर पडण्याची फट ४० ते १०० मिमी. फट ४० वर ठेवली की टन खालच्या टोकाला जातात, १०० वर ठेवली की वरच्या टोकाला.

हे दोन रकाने एकमेकांना बांधलेले आहेत. माल बारीक मागाल तर टन सोडावे लागतात. आकार न ठरवता टन विचारणाऱ्याला समोरचा माणूस वरचा आकडा सांगतो आणि तो आकडा खोटाही नसतो. पण तुम्हाला हव्या असलेल्या खडीसाठी तो लागू नसतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. क्रम उलटा केला की हिशेब चुकतो.

पायरी १ : शेवटापासून सुरुवात करा

कागदावर आधी विकायचा किंवा वापरायचा माल लिहा. ४० मिमी किती, २० मिमी किती, १० मिमी किती, आणि त्याखालची कच व डस्ट किती. टक्क्यांत लिहा. "२० मिमी खडी हवी" एवढं पुरत नाही, कारण २० मिमीचा माल काढताना १० मिमी, ६ मिमी आणि डस्ट पडणारच. ती कुठे जाणार हे आधी ठरलं नाही, तर महिन्याभरात डस्टचा ढीग खडीच्या ढिगापेक्षा उंच दिसायला लागतो.

खडीच्या आकारमानाइतकाच महत्त्वाचा तिचा घाटही असतो. काँक्रीटला चौकोनी, घनासारखी खडी लागते; चपट्या, सुईसारख्या लांब खडीत सिमेंट जास्त जातं आणि काँक्रीट नीट बसत नाही. भरावाला किंवा रस्त्याच्या खालच्या थराला घाटाचा इतका आग्रह धरावा लागत नाही. ही ओळ कागदावर असली की पुढे यंत्राचा प्रकार निवडणं सोपं जातं.

पायरी २ : दगड हातात घेऊन बघा

खाणीतून येणाऱ्या सर्वांत मोठ्या डबराचं माप घ्या. सरासरीचं माप इथे कामाचं नाही. अडकतो तो सर्वांत मोठा दगड. जॉच्या तोंडाची खोली, म्हणजे दोन जबड्यांमधलं वरचं अंतर, जितकी असेल त्याच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंतचा दगड आत घालता येतो. ४०० मिमी तोंडात ३४० मिमीचा दगड जाईल. त्यापेक्षा मोठा दगड वरच आडवा बसेल आणि सगळं काम थांबेल. यंत्राच्या नावातले दोन आकडे वाचताना गोंधळ होतो, तेव्हा एवढं धरून ठेवा: ४०० × ६०० म्हणा किंवा इंचात २४ × १६, छोटा आकडा तोंडाच्या खोलीचा आणि मोठा रुंदीचा. दगडाचं माप छोट्या आकड्यावरून ठरतं, टनांचा अंदाज मोठ्यावरून येतो.

मग कठीणपणा. चुनखडक तुलनेने मऊ, ग्रॅनाइट त्याहून कठीण, काळा बेसॉल्ट आणखी चिवट. पण कठीणपणा आणि घासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगडात सिलिका जास्त असेल तर तो फुटेलही पटकन, पण जबड्यांवरच्या प्लेटा खाऊन टाकेल. माती आणि ओलही बघा. ओली माती जबड्यात चिकटते आणि फट बुजवते. असा माल असेल तर क्रशरच्या आधी ग्रिझली, म्हणजे दांड्यांची जाड चाळण, हवीच. तिच्यातून माती आणि आधीच बारीक असलेला माल खाली निघून जातो आणि जॉच्या वाट्याला फक्त फोडण्याजोगा दगड येतो.

पायरी ३ : किती टप्पे लागतील ते मोजा

आत जाणाऱ्या दगडाचा आकार भागिले बाहेर येणाऱ्या मालाचा आकार, याला रिडक्शन रेशो म्हणतात. ५०० मिमीच्या डबरापासून २० मिमी खडी करायची तर हा रेशो २५ होतो. जॉ क्रशर एका फेरीत साधारण ४ ते ६ पट लहान करतो, कोन क्रशर, म्हणजे झुलत्या शंकूने दगड चिरडणारं यंत्र, ३ ते ५ पट. म्हणजे जॉने ५०० चे १०० करायचे आणि कोनने १०० चे २०. दोन टप्पे, आणि तेही ओढूनताणून. दगड फार कठीण असेल किंवा १० मिमीचा माल जास्त हवा असेल तर तिसरा टप्पा घेतलेला बरा.

एकाच जॉवर सगळं काम उरकायचा मोह फार होतो. एका ठिकाणी मी ते जवळून पाहिलं. दुसरं यंत्र नको म्हणून जॉची फट घट्ट करत करत उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या खाली नेली होती. जबड्याच्या खालच्या भागात माल दाबून बसायचा, वड्यासारखा. अँपिअरचा काटा चढायचा, कामगार फीडर, म्हणजे जॉमध्ये दगड सोडणारं यंत्र, बंद करायचे, काटा उतरला की पुन्हा चालू. तिसऱ्या दिवशी हलत्या जबड्याला मागून टेकू देणारी टॉगल प्लेट तुटली. ती प्लेट मुद्दामच अशी बनवलेली असते, की भार हाताबाहेर गेला तर आधी ती तुटावी आणि महागडा शाफ्ट वाचावा. तिने तिचं काम केलं होतं. पण २० मिमीची खडी त्या तीन दिवसांत जेमतेम पडली, आणि जी पडली ती बहुतेक चपटी.

पायरी ४ : यंत्राचा स्वभाव ओळखा

जॉ क्रशर या कुळातला सर्वांत साधा. एली व्हिटनी ब्लेक या अमेरिकन माणसाने १८५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि मूळ रचना अजून तशीच आहे: एक जबडा स्थिर, दुसरा पुढे-मागे. मोठा दगड घ्यावा, भरड माल द्यावा, हे त्याचं काम. जबडा जवळ येतो तेव्हा दगड फुटतो, लांब जातो तेव्हा माल खाली सरकतो. म्हणजे प्रत्येक फेरीचा अर्धा वेळ फोडण्यात जात नाही. जायरेटरी क्रशरमध्ये मधला शंकू गोल गोल झुलत असतो, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या बाजूला सतत दगड फुटत असतो. तोंड तेवढंच असलं तरी त्याचे टन कितीतरी जास्त. मोठ्या खाणींत ताशी हजारो टन पेलणारी यंत्रं ही असतात. त्यांची ओळख इंचात देतात: ६०-८९ म्हणजे तोंड ६० इंच आणि आतल्या शंकूचा खालचा व्यास ८९ इंच. नवशिक्याला हे यंत्र बहुधा लागत नाही, कारण तेवढा दगड रोज खाणीतून येतच नाही.

कोन क्रशर जायरेटरीचाच धाकटा भाऊ, पण कामाची पद्धत वेगळी. त्याची पोकळी खाली जाताना उतरती आणि अरुंद होत जाते, म्हणून दगड बाहेर पडण्याआधी अनेकदा चिरडला जातो आणि माल एकसारखा येतो. त्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की कोन भरलेला चालवा. पोकळी काठोकाठ भरलेली असली की दगड दगडावर घासून फुटतो, घाट सुधारतो, लायनर, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या अस्तराच्या प्लेटा, सगळीकडून सारखे झिजतात. अर्धा रिकामा कोन चपटी खडी देतो आणि लायनरमध्ये एका बाजूला खाच पाडतो. "माल कमी आहे तर हळूहळू सोडू" हा विचार इथे घातक आहे. माल कमी असेल तर साठवून ठेवा आणि भरून चालवा, मग बंद करा.

इम्पॅक्ट क्रशर चिरडत नाही, फटका मारतो. वेगाने फिरणाऱ्या रोटरवरचे ब्लो बार, म्हणजे जाड धातूच्या पट्ट्या, दगडाला समोरच्या प्लेटांवर भिरकावतात. एका फेरीत १० पट, कधी २० पटही आकार कमी होतो आणि खडी चौकोनी निघते. चुनखडकासाठी हे यंत्र मला सर्वांत आवडतं. पण सिलिका जास्त असलेल्या दगडावर ब्लो बार इतके झपाट्याने झिजतात की सारखी थांबायची वेळ येते. आणखी एक फरक लक्षात ठेवा: इथे मालाचा आकार रोटरच्या वेगावर आणि प्लेटांच्या अंतरावर ठरतो. बार झिजले की अंतर वाढतं आणि माल न सांगता भरड होत जातो.

व्हीएसआय म्हणजे उभ्या शाफ्टचा इम्पॅक्टर. कोनमधून आलेली खडी आणखी चौकोनी करायला आणि क्रश सँड बनवायला तो वापरतात. त्याच्याकडून मोठा दगड फोडून घेण्याची अपेक्षा ठेवू नका. रोल क्रशर दोन रुळांमध्ये माल दाबतो, २ ते ३ पटच लहान करतो, पण डस्ट फार कमी पाडतो. मऊ, ठिसूळ मालाला ठीक.

पायरी ५ : फट नीट मोजा

फट म्हणजे सेटिंग. जबडे किंवा शंकू एकमेकांच्या सर्वांत जवळ असतानाचं अंतर हे क्लोज साइड सेटिंग, आणि सर्वांत दूर असतानाचं ओपन साइड. तक्त्यातले टन कुठल्या सेटिंगवर दिलेत, हे विचारल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना करू नका. अनेक जुन्या तक्त्यांत जॉचे आकडे ओपन साइडवर असतात.

नवशिक्याला हमखास धक्का बसतो तो इथे. सेटिंग ५० मिमी आहे, म्हणून सगळा माल ५० मिमीखालचा येईल असं त्याला वाटतं. पट्ट्यावर मात्र ७०-७५ मिमीच्या पाट्यांसारख्या खड्या दिसतात. चपटा दगड उभा राहून फटीतून घसरतो. फट त्याची जाडी मोजते, लांबी नाही. जॉमधून सेटिंगच्या साधारण दीडपट आकाराचा माल येणारच, हे धरून चाला. कोनमध्ये अंदाजे ८० टक्के माल सेटिंगच्या आकाराखाली येतो, उरलेला वरचा. म्हणूनच मालाचा शेवटचा आकार क्रशर ठरवत नाही, चाळणी ठरवते.

कोनची फट मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे. शिशाचा गोळा तारेला बांधायचा, कोन रिकामा चालू असताना तो वरच्या मचाणावरून लांब तारेने पोकळीत सोडायचा आणि वर ओढायचा. गोळा चेपून चपटी वडी होऊन येते. तिची सर्वांत कमी जाडी कॅलिपरने मोजली की ती तुमची सेटिंग. एकाच जागी मोजून थांबू नका. गोलाकार तीन-चार ठिकाणी मोजा, कारण लायनर सगळीकडे सारखे झिजलेले नसतात. तार हाताला गुंडाळायची नाही, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगा. जॉची फट यंत्र बंद करून, मेन स्विचला कुलूप लावून मोजा. दात ते दात मोजायचं की दात ते खाच, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत बघा. दोन्हींत बराच फरक पडतो.

पायरी ६ : आता टन

तक्त्यातले टन बहुधा घनमीटरला १.६ टन अशा फुटलेल्या दगडाच्या वजनावर काढलेले असतात. सलग दगडाचं वजन घनमीटरला सुमारे २.७ टन, पण फुटल्यावर मधे पोकळ्या येतात. यंत्राची पोकळी आकारमान ओळखते, वजन नाही. तुमचा माल हलका असेल तर टन त्याच प्रमाणात कमी पडतील.

दुसरी मर्यादा शक्तीची. फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र ढोबळ अंदाजाला अजून उपयोगी पडतं. ग्रॅनाइटसारखा दगड घ्या, त्याचा कठीणपणाचा निर्देशांक १५ धरा. ८० टक्के माल ४०० मिमीखाली आहे तिथून ८० टक्के माल १०० मिमीखाली आणायला टनाला सुमारे ०.२४ युनिट वीज लागते. २० मिमीपर्यंत आणायला ०.८२ युनिट, आणि ४ मिमीपर्यंत २.१ युनिट. म्हणजे २० वरून ४ वर उतरायला आधीच्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त वीज. ताशी १०० टन २० मिमी माल काढायचा तर ग्रॅनाइटला फोडण्यासाठीच तासाला ८२ युनिट, चुनखडकाला ६६, बेसॉल्टला ११० च्या आसपास. मोटर याहून मोठीच घ्यावी लागते. चाळण्या, पट्टे आणि फीडर वेगळेच.

पायरी ७ : परत येणारा माल विसरू नका

हा भाग सर्वांत जास्त लोक चुकतात, म्हणून सावकाश बघू.

जॉमधून ताशी १०० टन येतात. त्यातले २० टन आधीच २० मिमीखाली आहेत, ८० टन वरचे. चाळणी कधीच सगळा बारीक माल खाली पाडत नाही. ती ९० टक्के पाडते असं धरू. तर २० पैकी १८ टन खाली गेले, ८२ टन कोनकडे निघाले. कोनमधून निघालेल्या मालात ७० टक्के २० मिमीखाली असेल, आणि चाळणी त्याच्या ९० टक्के पाडेल, म्हणजे प्रत्येक फेरीत ६३ टक्के माल बाहेर जातो. उरलेला ३७ टक्के परत कोनच्या तोंडाशी येतो. तो फुटतो, पुन्हा थोडा परत येतो. हे चक्र स्थिरावतं तेव्हा कोनमधून ताशी ८२ भागिले ०.६३, म्हणजे १३० टन जात असतात.

थोडक्यात, १०० टनांच्या प्लँटला १०० टनांचा कोन घेतला तर तो रिटर्नखाली, म्हणजे परत येणाऱ्या मालाखाली, गुदमरतो. हे ओझं पेलणारा क्षमतेचा आकडा तुमच्या सेटिंगवरचा हवा. तक्त्याच्या वरच्या टोकाचा नको. चाळणी लहान असेल तर अडचण दुप्पट, कारण तिच्यावरून बारीक माल सरकून परत जातो आणि कोन फुटलेलाच माल पुन्हा फोडत बसतो. डस्ट वाढते, खडी घटते. पैसे कमी असतील तर मी क्रशर एक माप लहान घेईन, पण चाळणी मोठीच घेईन.

पायरी ८ : यंत्रांच्या मधे जागा सोडा

आठ तास गुणिले १०० टन म्हणजे ८०० टन, असा हिशेब कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात ट्रक उशिरा येतो, हॉपरमध्ये डबर आडवा बसतो, पट्टा घसरतो. म्हणून जॉ त्याच्या क्षमतेच्या ७५ ते ८० टक्क्यांवर चालेल असा निवडा. आणि जॉ व कोन यांच्या मधे मालाचा एक ढीग ठेवा. जॉ अर्धा तास थांबला तरी त्या ढिगातून कोन भरलेला चालत राहील. कोन भरलेला राहणं किती गरजेचं आहे, ते वर आलंच.

पायरी ९ : चालू झाल्यावर स्वतः मोजा

मँगनीज पोलादाच्या प्लेटा मार खाऊन कडक होतात. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेल्या या पोलादाचं हेच वैशिष्ट्य. तरी त्या झिजतातच. जॉची स्थिर प्लेट खालच्या बाजूला आधी झिजते, म्हणून ती वेळेवर उलटी करून लावतात. झीज झाली की फट वाढते, माल भरड होतो आणि टन वाढल्यासारखे वाटतात. त्या वाढीवर खूश होऊ नका. रिटर्नच्या पट्ट्याकडे बघा, ओझं तिथे वाढलेलं दिसेल.

खरे टन मोजायला काटा लागतोच असं नाही. प्लँट नेहमीच्या भाराने चालू असताना पट्टा थांबवा. स्विचला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. पट्ट्यावर एक मीटर लांबी खुणेने आखून तिथला सगळा माल, खालची डस्टही ब्रशने झाडून, पोत्यात भरा आणि वजन करा. किलो गुणिले पट्ट्याचा वेग मीटर प्रति सेकंद गुणिले ३.६, हे झाले ताशी टन. एका मीटरवर १८ किलो भरले आणि पट्टा सेकंदाला १.६ मीटर धावतोय, तर ताशी १०४ टनांच्या आसपास. तोच माल ओतून ४०, २०, १० च्या हातचाळण्यांतून काढा आणि प्रत्येकीवर किती किलो उरले ते लिहा.

वही घ्या. तारीख, त्या दिवशीची सेटिंग, मीटरवरचे किलो आणि चाळण्यांवरचे किलो, एवढ्या चार नोंदी एका ओळीत. दर आठवड्याला एक ओळ, आणि प्लेट किंवा लायनर बदलला की त्या ओळीखाली एक रेघ.